स्पर्शाविना सूर : क्लारा रॉकमोर आणि थेरेमिन

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी जन्मभर व्हायोलिन शिकवत राहिले. सुरेलपणाशी तडजोड नाही, हा त्यांचा दंडक इथे बसलेल्या अनेकांनी अनुभवला आहे. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्याही मुळात व्हायोलिनच्या. ते हातून सुटल्यावर त्यांनी एक असं वाद्य हाती घेतलं, ज्याला हात लावायचाच नसतो. त्यांचं नाव क्लारा रॉकमोर, आणि वाद्याचं नाव थेरेमिन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाद्याचा शोध प्रयोगशाळेत लागू शकतो, पण त्याला वाद्यपण येतं ते वादकाच्या रियाजानं. कुणीतरी आपलं आयुष्य त्या यंत्रावर लावावं लागतं, त्याची शिस्त बांधावी लागते, त्यानं काय वाजवायचं आणि काय वाजवायचं नाही हे ठरवावं लागतं. थेरेमिनच्या बाबतीत हे काम विशीतल्या एका मुलीनं केलं.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. लेव्ह सर्गेयेविच तेर्मेन यांचा जन्म १८९६चा, सेंट पीटर्सबर्गचा. भौतिकशास्त्रज्ञ, आणि सोबत चेलोवादकही. १९२० साली त्याच शहरातल्या, म्हणजे तेव्हाच्या पेट्रोग्राडमधल्या एका संस्थेत आब्राम इओफे यांच्या हाताखाली ते वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचं एक उपकरण तयार करत होते. उपकरणाला जोडलेल्या हेडफोनमधून शिट्टीसारखा आवाज येई, आणि हात जवळ-लांब केला की तो आवाज चढे, उतरे. दुसरा एखादा संशोधक हा अडथळा मानून तो दूर करायला लागला असता. तेर्मेन चेलोवादक होते, त्यांनी त्या आवाजातून धून काढून पाहिली. मार्च १९२२मध्ये त्यांनी क्रेमलिनमध्ये लेनिन यांच्यासमोर वाद्य वाजवून दाखवलं, आणि लेनिन यांनी स्वतःही त्यावर हात चालवून पाहिला. पुढे युरोपचा दौरा झाला आणि १९२७च्या अखेरीस तेर्मेन न्यूयॉर्कला पोहोचले. पश्चिमेत त्यांचं नाव लिऑन थेरेमिन झालं, आणि वाद्यालाही तेच नाव चिकटलं.

हे वाद्य चालतं कसं? लाकडी पेटीच्या उजव्या बाजूला धातूची एक उभी दांडी असते, डाव्या बाजूला धातूचंच आडवं कडं. पेटीच्या आत दोन विद्युत आंदोलक असतात. त्यांची कंपनं इतकी वेगवान, की कानाला ऐकूच येत नाहीत. समजा, एकाची कंपनं सेकंदाला १,७०,००० आहेत आणि दुसऱ्याची १,७०,४४०. दोन्ही एकत्र केली की त्यांच्यातला फरक, म्हणजे ४४० कंपनांचा स्वर, आपल्याला ऐकू येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना त्या किंचित वेगळ्या असल्या की आवाजाच्या लाटा ऐकू येतात, आणि तारा जुळल्या की लाटा विरतात. फरकातून नवीन काही ऐकू येण्याचं तत्त्व तेच. आता उजवा हात दांडीजवळ गेला की त्या एका आंदोलकाची कंपनसंख्या बदलते, कारण माणसाचं शरीर आणि दांडी मिळून एक विद्युत संधारित्र बनतं. हात जवळ जाईल तसा स्वर चढतो. डावा हात कड्याजवळ नेला की आवाज मंदावतो, वर उचलला की वाढतो. ही झाली सगळी यंत्रणा. पट्टी नाही, पडदे नाहीत, तार नाही, दट्ट्याही नाही.

अमेरिकेच्या आरसीए कंपनीला यात मोठा बाजार दिसला. १९२९मध्ये तिनं थेरेमिन विक्रीला काढलं. जाहिरातीचा सूर असा होता, की ज्याला गुणगुणता येतं त्याला हे वाजवता येईल, शिकण्याची गरज नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. वाद्याच्या सुमारे ५०० प्रती बनल्या, आणि तिथेच ते थांबलं. पण अपयशाचं खापर केवळ मंदीवर फोडून चालणार नाही. लोकांनी घरी नेऊन हात हलवला, आणि त्यातून नुसता हेलकावणारा कण्हण्याचा आवाज निघाला. स्पर्श नसल्यामुळे वाद्य सोपं होईल, असं कंपनीला वाटलं. खरं तर स्पर्श नसल्यामुळेच ते भयंकर अवघड होतं.

आपल्याकडचा एक वाद इथे आठवणं उपयोगाचं आहे. आकाशवाणीनं १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे ३० वर्षं राहिली. आक्षेप काय होता? पेटीचे स्वर ठरलेले, दोन स्वरांमधली जागा तिला घेता येत नाही, मींड निघत नाही. थेरेमिनचा प्रश्न बरोबर याच्या उलट्या टोकाला आहे. इथे मींडेशिवाय दुसरं काहीच नाही. हात हवेत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला की मधले सगळे स्वर आपोआप वाजणारच. म्हणजे या वाद्यावर खरी साधना मींड घेण्याची नव्हे, तर त्या अखंड मींडेतून सुटा, स्वच्छ, थांबलेला स्वर काढण्याची. हे काम क्लारा यांनी कसं साधलं, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा.

क्लारा रायझेनबर्गचा जन्म ९ मार्च १९११चा, विल्नियसचा. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं. प्रसिद्ध व्हायोलिनवादक याशा हायफेट्झ हेही याच शहरचे. क्लारा चार-पाच वर्षांची असतानाच सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाली. तिथल्या सर्वांत लहान विद्यार्थ्यांमध्ये तिची गणना होते. गुरू लिओपोल्ड आउअर, म्हणजे हायफेट्झ आणि मिशा एल्मन यांचेही गुरू. मोठी बहीण नादिया पियानो वाजवी. क्रांती, यादवी आणि उपासमार यांतून वाट काढत हे कुटुंब डिसेंबर १९२१मध्ये न्यूयॉर्कला आलं. तिथेही क्लाराला आउअर यांच्याकडून तालीम मिळाली. पण बालपणीच्या कुपोषणानं हाडं कमकुवत झाली होती, आणि बो चालवणाऱ्या हातानं दगा दिला. ज्या वयात कलावंताची कारकीर्द सुरू होते, त्या वयात तिचं व्हायोलिन थांबलं.

थेरेमिन हा तिच्यासाठी व्हायोलिनचा केवळ पर्याय नव्हता, हे ध्यानात घेतलं पाहिजे. ती या वाद्याकडे आली तेव्हा तिच्यापाशी सुरांची पक्की पारख होती, आउअर यांच्या परंपरेची शिस्त होती, आणि वाक्य कसं घडवायचं याची जाण होती. वाजवण्याचं साधन फक्त हरवलं होतं. तेर्मेन यांनाही याची पारख झाली. त्यांचा तिच्यावर जीवही जडला. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्यांनी असा केक बनवला, की जवळ गेलं की तो फिरू लागे आणि वरची मेणबत्ती पेटे. वाद्याचंच तत्त्व त्यांनी त्यात वापरलं होतं. त्यांनी लग्नाची मागणी घातली. क्लारानं मात्र रॉबर्ट रॉकमोर या वकिलाशी विवाह केला. वाद्य घडवणारा आणि वाजवणारी यांचं नातं याही पलीकडे टिकलं, कारण ते सुराच्या कामावर उभं होतं.

आता तिच्या हातांकडे जवळून पाहू. चित्रफितींमध्ये हे स्पष्ट दिसतं. ती वाद्यामागे उभी आहे, मान सरळ, शरीर जवळजवळ निश्चल. हे निश्चल उभं राहणं दिखाव्यासाठी नाही. दांडीला केवळ हाताची जाणीव होत नाही, सगळ्या देहाची होते. खांदा हलला, मान कलली, श्वास मोठा घेतला, तरी स्वर सरकतो. जवळून कुणी गेलं तरी बिघडतो. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकलेली, बाकीची बोटं मिटलेली. हा झाला एक स्वर. आता मनगट आहे तिथेच ठेवून बोटं दांडीच्या दिशेनं एकेक पायरी उघडत जायची. प्रत्येक उघडण्याला एक स्वर. बोटं पूर्ण उघडली की सप्तकाचा बराचसा पल्ला हाती येतो. मग बोटं मिटून हात पुढच्या जागी न्यायचा, आणि पुन्हा तेच. हवेत बोटांच्या जागा ठरवण्याची ही पद्धत क्लारा यांनी स्वतः बांधली. दंड हलवून स्वर शोधत बसण्याऐवजी बोटांच्या मापानं स्वर पकडायचा, ही तिच्यातली कल्पकता. वाद्यावर खूण नसेल, तर खुणा हातात हव्यात.

डाव्या हाताचं काम त्याहून नाजूक. उजवा हात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाईपर्यंतच्या क्षणात डावा हात कड्याकडे झुकतो आणि आवाज दाबतो. स्वर जागेवर आला की हात उचलला जातो. म्हणजे मधली घसरण ऐकू येत नाही, आणि सुटे स्वर सुटे राहतात. जिथे मींड हवी तिथे डावा हात तसाच ठेवायचा. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, हा निर्णय सेकंदाच्या छोट्या भागात, प्रत्येक स्वराला. शिवाय उजव्या हाताच्या बोटांत कंप देऊन स्वर सजीव करायचा, आणि तो कंप तोल सोडता कामा नये. या सगळ्यात हाताला आधार देणारी एकही वस्तू नाही. व्हायोलिनवाल्याला निदान तारेचा आणि फळीचा स्पर्श असतो. इथे फक्त कान.

आणि कानानं ऐकायचं म्हणजे तरी काय? स्वर चुकल्यावर तो ऐकून दुरुस्त करणं म्हणजे उशीर झाला. स्वर लागण्याआधीच तो मनात पक्का असावा लागतो. क्लारा यांना निरपेक्ष स्वरज्ञान होतं, म्हणजे कुठल्याही आधाराशिवाय स्वर ओळखता येई. पण केवळ देणगीनं भागलं नसतं. त्याला त्यांनी जे जोडलं ते आपल्या गवयांना ठाऊक आहे. पुढचा स्वर आधी अंतरात उमटायचा, मग तो बाहेर काढायचा.

इथे आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. क्लारा यांनी वाद्य जसं मिळालं तसं स्वीकारलं नाही. आपल्या गरजा त्यांनी निर्मात्याला सांगितल्या, आणि निर्मात्यानं वाद्य बदललं. मूळचा सुमारे तीन सप्तकांचा पल्ला पाच सप्तकांवर गेला. डाव्या हाताचा प्रतिसाद इतका चपळ झाला की तुटक, टोचल्यासारखे स्वर काढता येऊ लागले. पेटी उंचीला कमी झाली, म्हणजे वाजवणारी लोकांना दिसावी. मिरजेत वाद्य घडवणारे कारागीर गवयाचा आवाज ऐकून तंबोऱ्याची जवारी लावतात, हे इथल्या लोकांना सांगायला नको. तीच देवघेव न्यूयॉर्कमध्ये विजेच्या वाद्यावर चालू होती. क्लारा यांनी मागितलं नसतं, तर थेरेमिन आरसीएच्या जाहिरातीच्या पातळीवरच राहिलं असतं.

३० ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचं पहिलं स्वतंत्र वादन झालं. तेव्हा त्या अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. विजेचं वाद्य म्हटलं की लोक नवलाई पाहायला येतील, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी नवलाईला जागाच ठेवली नाही. त्यांनी वाजवलं ते सां-साँ, रखमानिनॉव्ह, चायकॉव्स्की, राव्हेल अशा संगीतकारांचं. ‘द स्वॉन’ ही चेलोची रचना, रखमानिनॉव्हचं ‘वोकालीझ’ हे शब्दांशिवायचं गाणं. म्हणजे ऐकणाऱ्याला ज्याची चांगली ओळख आहे आणि जिथे एकही सूर ढळला तर तो लपणार नाही, असं संगीत त्यांनी निवडलं. श्रोत्यानं यंत्राकडे पाहू नये, सुराकडे लक्ष द्यावं, हा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर त्या मोठ्या ऑर्केस्ट्रांसोबत वाजवू लागल्या, आणि गायक पॉल रोब्सन यांच्या अमेरिका दौऱ्यांमध्येही त्यांनी वादन केलं. सायप्रसमध्ये जन्मलेले संगीतकार अनिस फुलेहान यांनी त्यांच्यासाठी थेरेमिन कॉन्चेर्टो लिहिला, आणि फेब्रुवारी १९४५मध्ये लिओपोल्ड स्टॉकोव्स्की यांच्या संचालनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. केवळ त्या वाद्यासाठी कुणी लिहावं आणि इतक्या मोठ्या संचालकानं ते उभं करावं, हा क्लारा यांच्या साधनेचा गौरव होता.

त्याच वर्षी दुसरं एक वळण आलं. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ चित्रपटात मिक्लोश रोझा यांनी थेरेमिन वापरलं. मनाचं विचलन, भीती, भास हे दाखवायला तो थरथरता सूर अगदी जुळला. पुढे १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’मध्ये बर्नार्ड हर्मन यांनी दोन थेरेमिन वापरले, आणि वाद्य परग्रहवासी, भुतं, रहस्य यांचा आवाज ठरलं. लोकप्रियता मिळाली, पण तिची किंमत अशी, की ऐकणाऱ्यानं सूर ओळखण्याऐवजी शहारे अपेक्षित ठेवले. क्लारा या वाटेला गेल्या नाहीत. वाद्याला भयाचा वेश चढवणं त्यांना पसंत नव्हतं. या नकारानं त्यांच्या वाट्याला पैसा कमी आला असेल, पण वाद्याला प्रतिष्ठा मिळाली. कलावंताची ओळख त्यानं काय केलं यावर ठरते, तितकीच त्यानं काय नाकारलं यावरही ठरते.

आता आपल्याकडचं एक साम्य सांगतो. क्लारा ज्या वर्षी जन्मल्या, त्याच १९११ साली मुंबईत गजाननबुवा जोशी जन्मले. परक्या देशातून आलेल्या व्हायोलिनला आपल्या गायकीचा आत्मा देण्याचं काम बुवांनी केलं. गळा आणि व्हायोलिन, दोन्हींवर त्यांचा अधिकार होता, म्हणून व्हायोलिननं गावं हा हट्ट त्यांना करता आला. क्लारा यांनीही व्हायोलिनमधून मिळालेली गायकी विजेच्या पेटीत ओतली. दोघांची भेट झाली नाही, संगीतही निराळं. पण दोघांनी एकच गोष्ट दाखवून दिली. वाद्य कुठून आलं, कशापासून बनलं, हा प्रश्न गौण आहे. कुठली गायकी त्यात उतरवली, हा खरा प्रश्न.

आता कटू भाग. एवढं असूनही थेरेमिन मुख्य प्रवाहात आलं नाही. तेर्मेन १९३८मध्ये रशियात परतले, पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली आणि ते श्रमछावणीत, मग सरकारी प्रयोगशाळेत गेले. वाद्य सुधारणारा हात क्लारा यांच्यापासून दुरावला. त्यांच्यासाठी लिहिणारे संगीतकार मोजकेच राहिले. शिष्यांची परंपरा उभी राहिली नाही. त्यांच्या वादनाची पहिली तबकडी १९७७मध्ये निघाली, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. ती काढली रॉबर्ट मूग आणि शर्ली मूग यांनी, आणि साथीला पियानोवर बहीण नादिया होत्या. रॉबर्ट मूग किशोरवयात थेरेमिन बनवत होते. १९६४मध्ये त्यांनीच सिंथेसायझरला आकार दिला. पुढे १९६९मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला, तेव्हा तिथेही मूग यांचंच यंत्र आलं. म्हणजे आपल्या भूमीवरच्या या संगीताच्या सुरुवातीतही त्या जुन्या पेटीचा अंश आहे.

१९६२मध्ये क्लारा मॉस्कोला गेल्या आणि इतक्या वर्षांनी तेर्मेन यांना भेटल्या. १९९१मध्ये ते न्यूयॉर्कला आले, तेव्हा दोघं पुन्हा भेटले. तेर्मेन १९९३मध्ये वारले, क्लारा १० मे १९९८ रोजी. त्याच वर्षी त्यांच्या पद्धतीचं एक छोटं पुस्तक प्रसिद्ध झालं.

त्यांची पद्धत मात्र त्यांच्यासोबत गेली नाही. तेर्मेन यांनी आपल्या नात्यातल्या लिडिया काव्हिना हिला नवव्या वर्षापासून शिकवायला सुरुवात केली होती, आणि ती पुढे नामवंत वादिका झाली. जर्मनीच्या कॅरोलिना आइक यांनी स्वतःची बोटांची रीत बांधली, तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि फिनलंडचे कालेवी आहो यांनी त्यांच्यासाठी कॉन्चेर्टो रचला. आज जगभर अनेक लोक या वाद्याचा गंभीरपणे रियाज करतात. क्लारा यांनी सिद्ध केलेली एक गोष्ट या सगळ्यांना आयती मिळाली आहे : या वाद्यावर सुरेल वाजवता येतं. पहिल्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

श्रोतेहो, आज नवीन वाद्यं, नवीन आवाज दररोज जन्माला येत आहेत. मोबाइलमध्ये तंबोरा वाजतो, संगणकात अख्खा ऑर्केस्ट्रा मावतो. या साधनांवर आपण दोन प्रकारे बोलतो. कुणी म्हणतं, यंत्रात जीव नसतो. कुणी म्हणतं, आता रियाजाची गरज उरली नाही. क्लारा यांच्या आयुष्यानं दोन्ही मतं खोटी ठरवली आहेत. यंत्रात जीव ओतता येतो, पण त्याला इतर वाद्यांइतकीच रियाजाची किंमत मोजावी लागते, कदाचित थोडी जास्तच.

आणि एकट्या वादकानं सगळं होत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यातून दिसतं. वादकाला त्याची मागणी ऐकणारा कारागीर हवा, त्याच्यासाठी लिहिणारा संगीतकार हवा, त्याच्यासमोर बसणारा शिष्य हवा, आणि नवलाई ओसरल्यावरही सूर ऐकायला थांबणारा श्रोता हवा. क्लारा यांना पहिला मिळाला आणि दुरावला, दुसरे मोजके मिळाले, शिष्य उशिरा आणि परक्यांच्या हातून घडले. चौथा, म्हणजे श्रोता, ही आपली जबाबदारी. आपल्या गावात कुणी नवीन, अनोळखी वाद्य घेऊन वाजवायला बसेल, तेव्हा वाद्याचं नाव विचारून मोकळं होऊ नये. थांबावं, आणि सूर लागतो की नाही ते ऐकावं. लागत असेल, तर त्या कलावंताला पुन्हा बोलवावं. एवढं केलं, तर त्याच्या रियाजाला आपण बळ दिलं, असं म्हणता येईल.